घरचा रीफ टँक: कुठल्या क्रमाने लावायचा, कुठे थांबायचं आणि नंतर सांभाळायचा कसा

"कोरल उघडत नाहीये, काय टाकू?" हा प्रश्न घरी रीफ टँक, म्हणजे खाऱ्या पाण्याचं कोरल (प्रवाळ) असलेलं मत्स्यालय, लावणाऱ्यांकडून सारखा येतो. पुढे दोन-चार गोष्टी विचारल्या की कळतं टँक लावून जेमतेम महिना झालाय, पाणी नळाचं आहे, मासे पहिल्याच आठवड्यात सोडलेत आणि अल्क म्हणजे पाण्याची अल्कलिनिटी कधी मोजलेलीच नाही. अशा वेळी बाटलीतलं काहीही टाकलं तरी उपयोग होत नाही. रीफ टँक बिघडतात ते बहुतेक वेळा क्रम चुकल्याने आणि दोन टप्प्यांच्या मधे थांबायचं ते न थांबल्याने, म्हणून खाली सगळं क्रमानेच दिलंय. डोळ्यासमोर धरलाय तो २०० लिटरचा टँक, त्यात काही छोटे मासे, सॉफ्ट कोरल आणि एलपीएस म्हणजे मोठ्या पॉलिपचे (पॉलिप म्हणजे कोरलमधला एकेक जीव) दगडी कोरल. ॲक्रोपोरासारखे बारीक पॉलिपचे एसपीएस पहिल्या वर्षी नकोतच.

## १. काहीही विकत घ्यायच्या आधी

पहिला निर्णय साइजचा. छोटा टँक सोपा पडेल असं सगळ्यांना वाटतं पण खाऱ्या पाण्यात उलटं असतं. ४० लिटरमधून २ लिटर पाणी उडून गेलं की खारेपणा ५ टक्क्यांनी वर जातो, २०० लिटरमधून तेवढंच उडालं तर १ टक्का. मोठ्या पाण्यात चूक हळूहळू वाढते, तुम्हाला लक्षात यायला आणि सावरायला वेळ मिळतो. १५० लिटरच्या खाली पहिला टँक नको, २०० उत्तम.

दुसरी गोष्ट वजन. २०० लिटर पाणी म्हणजे २०० किलोच्या वर, त्यात काच, दगड, वाळू, स्टँड, खालचा सम्प (फिल्टरची टाकी), सगळं धरून ३०० किलोच्या पुढे जातं. भक्कम भिंतीला लागून, समतल फरशीवर ठेवा. थेट ऊन नको, एसीचा झोत नको. आणि टँकच्या मागे हात जाईल एवढी जागा सोडा, सगळे जण टँक भिंतीला चिकटवतात आणि मग पाइप सुटला की रडतात.

सामान: सम्प किंवा मागे फिल्टरचे कप्पे असलेला ऑल-इन-वन टँक, सम्पमधलं पाणी वर टँकमधे ढकलणारा रिटर्न पंप, टँकमधे प्रवाह करणारे दोन वेव्हमेकर, दोन हीटर आणि वेगळा टेंपरेचर कंट्रोलर, रीफसाठीची एलईडी, एटीओ म्हणजे उडालेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र, आरओडीआय युनिट म्हणजे आरओच्या पुढे डीआय रेझिन लावलेला फिल्टर, टीडीएस मीटर (पाण्यात किती क्षार विरघळलेत ते दाखवणारा), खारेपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर, वरती जाळीचं झाकण. टेस्ट किट अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, फॉस्फेट, अल्क, कॅल्शियम, मॅग्नेशियम एवढ्यांचे. पैसे कमी पडत असतील तर स्किमर (फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणारं यंत्र) नंतर घेतला तरी चालेल, सॉफ्ट कोरल आणि चार मासे असतील तर पाणी बदलून भागतं. पण आरओडीआय, एटीओ आणि टेस्ट किट यात काटकसर केलीत तर ते पैसे दुप्पट होऊन जातात, मेलेल्या जिवांच्या रूपाने.

हीटर दोन का? कारण हीटरचा थर्मोस्टॅट बिघडतो तेव्हा बऱ्याचदा तो चालूच अडकून राहतो. २०० वॅटचा एकच अडकला तर रात्रीत टँक उकळून निघतो. १०० वॅटचे दोन असतील तर एक अडकला तरी पाणी हळू तापतं आणि एक बंद पडला तरी दुसरा बऱ्यापैकी ओढून नेतो. खोलीच गरम राहत असेल तर पाण्याच्या पृष्ठभागावर आडवा पंखा लावला की बाष्पीभवनाने दोनेक अंश उतरतात, त्याने भागलं नाही तर चिलर लागेल हे आधीच धरून ठेवा.

सावध: खारं पाणी आणि वीज एका जागी असणार आहे. सर्किटला आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की वीज तोडणारा स्विच, हवाच. प्रत्येक वायर आधी प्लगच्या खाली लोंबून मग वर प्लगमधे जायला हवी, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी खालच्या टोकाला टपकतं, सॉकेटमधे शिरत नाही. एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर ठेवू नका, भिंतीवर टँकच्या बाजूला लावा.

## २. स्टँड, लेव्हल आणि गळतीची टेस्ट

स्टँड लांबीत आणि रुंदीत दोन्हीकडून स्पिरिट लेव्हलने बघा. टँकची काच थेट स्टँडवर टेकत असेल तर खाली फोम मॅट घाला, पण तळाभोवती प्लास्टिकची फ्रेम असेल तर मॅट नको. फ्रेमवाल्या टँकची तळाची काच मुद्दाम अधांतरी ठेवलेली असते, फोम तिला खालून दाबतो.

आता साधं पाणी भरा आणि २४ तास ठेवा. या टेस्टला नळाचं चालेल. सगळ्या जोडांवरून कोरडा टिश्यू पेपर फिरवा, डोळ्याला न दिसणारी गळती कागदावर दिसते.

मग सम्पवाल्यांसाठी सगळ्यात महत्त्वाची टेस्ट. रिटर्न पंप चालू करून पाणी स्थिर होऊ द्या आणि मेन स्विच बंद करा. वरच्या टँकमधलं काही पाणी पाइपातून उलटं सम्पमधे येईल. सम्प भरून वाहिला तर नेहमीची पातळी कमी ठेवायला लागेल. रिटर्नच्या नळीला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली एक छोटं भोक असतं, पातळी उतरली की त्यातून हवा शिरते आणि सायफन तुटतो, ते भोक मोकळं आहे का बघा. तीन-चार वेळा बंद-चालू करून खात्री झाली की सम्पवर मार्करने "याच्या वर पाणी नको" अशी रेघ मारा. ही टेस्ट बहुतेक जण करत नाहीत आणि पहिल्यांदा वीज गेली की खोलीभर खारं पाणी होतं.

तपासा: टिश्यू कोरडा, पंप बंद केल्यावर सम्प रेघेच्या आत, लेव्हल भरलेल्या टँकवरही बरोबर. मगच पाणी काढून पुढे जा.

## ३. पाणी आणि मीठ

नळाच्या पाण्यात क्लोरीन, क्लोरामाइन, फॉस्फेट, सिलिकेट, कधी तांबंसुद्धा असतं. माणसाला प्यायला ते ठीक असेल, पण फॉस्फेट-सिलिकेटवर शेवाळ माजतं आणि तांबं अगदी थोडं असलं तरी कोळंबी, गोगलगाय, कोरल यांना मारतं. म्हणून आरओडीआयचं पाणी, टीडीएस मीटरवर ०. पिण्याच्या पाण्याचा साधा आरओ पुरत नाही, त्याच्यापुढे डीआय रेझिनची नळी हवी. मीटर ० सोडून वर चढायला लागला की रेझिन बदला, "दोनच तर आहे" म्हणून चालवू नका.

मीठ मिसळायचा क्रम पक्का आहे: आधी पाणी, मग मीठ. ड्रममधे पाणी भरा, २५ अंशांपर्यंत आणा, आत पंप चालू करा आणि मीठ थोडं थोडं सोडत जा. आधी मीठ टाकून वरून पाणी ओतलं तर तळाशी पहिली काही मिनिटं मीठ इतकं दाट असतं की कॅल्शियम आणि कार्बोनेट एकमेकांना धरून पांढरा चुरा होऊन बसतात, तो परत विरघळत नाही आणि तुमची अल्क तिथेच कमी होते. मीठ लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम लागतं, ब्रँडप्रमाणे बदलतं, म्हणजे २०० लिटरला सात किलोच्या वर. किती वेळ ढवळायचं ते पाकिटावर बघा. काही मिठं काही तासांत तयार होतात, काही रात्रभर ठेवावी लागतात आणि काही गरम पाण्यात दिवसेंदिवस ठेवली की उलट बिघडतात.

पहिल्यांदा टँकमधेच मीठ मिसळलं तरी चालतं कारण आत जीव नाहीये, पण ते वाळू टाकायच्या आधी. एकदा जीव आला की मीठ टँकमधे कधीच नाही, नेहमी वेगळ्या ड्रममधे.

खारेपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटरने. प्रिझमवर दोन-तीन थेंब टाका, वरची पट्टी हळू खाली ठेवा म्हणजे बुडबुडा अडकणार नाही, अर्धा मिनिट थांबा, मग उजेडाकडे धरून बघा, निळा भाग संपून पांढरा सुरू होतो ती रेघ वाचायची. आणि कॅलिब्रेशन ३५ पीपीटीच्या (हजारात ३५ भाग मीठ) फ्लुइडनेच करा. गोड्या पाण्यावर शून्य जुळवलं की काम झालं असं लोक समजतात, पण शून्यावर बरोबर असलेलं यंत्र ३५ वर दोन-तीनने चुकीचं दाखवू शकतं आणि आपल्याला तर ३५ च मोजायचंय.

तपासा: ३५ पीपीटी म्हणजे स्पेसिफिक ग्रॅव्हिटी १.०२६ च्या आसपास, तापमान २५ ते २६ अंश, पाणी नितळ. किती मीठ लागलं ते लिहून ठेवा. दगड-वाळूने जागा खाल्ल्यावर टँकमधे २०० लिटर पाणी राहतच नाही, आणि नंतर डोसिंगचा, म्हणजे पाण्यात अल्क-कॅल्शियम टाकायचा, हिशोब टँकवर छापलेल्या आकड्यावर करता येत नाही, खऱ्या पाण्यावरच करावा लागतो.

## ४. दगड आणि वाळू

दगड थेट तळाच्या काचेवर टेकवा, वाळू त्यानंतर भोवती. उलटं केलंत तर गोबी किंवा पिस्टल श्रिंप खालून वाळू उकरते आणि एक दिवस दगड काचेवर कलंडतो. रचना मोकळी ठेवा, कमानी, गुहा, मागून-पुढून पाणी फिरलं पाहिजे. चारी बाजूंनी काच पुसायचा मॅग्नेट जाईल एवढी, आठ-दहा सेंटीमीटर जागा सोडा. दगड एकमेकांना रीफ सिमेंटने किंवा एपॉक्सी आणि सुपरग्लू जेलने जोडा आणि हाताने हलवून बघा. ॲरागोनाइट वाळू ३-४ सेंटीमीटर पुरे, कोरडी असेल तर धुवून घ्या, बॅक्टेरियासकट ओल्या पाकिटात येते ती धुवायची नाही.

ड्राय रॉकमधे कीड नसते पण तो निर्जीव असतो, टँक पिकायला वेळ लागतो. लाइव्ह रॉकमधे जीवसृष्टी येते आणि तिच्याबरोबर एप्टेशिया (भराभर पसरणारं उपद्रवी ॲनिमोन), खेकडे, मँटिस श्रिंप असलं काहीही येऊ शकतं. माझं मत विचाराल तर बहुतेक ड्राय आणि एक-दोन चांगले लाइव्ह तुकडे.

सावध: लाइव्ह रॉक किंवा कोरल असलेला दगड कीड मारायला म्हणून कधीही उकळू नका, गरम पाण्याने किंवा वाफेने साफ करू नका. पॅलिथोआ आणि काही झोअँथिड या बटणांसारख्या कोरलमधे पॅलिटॉक्सिन नावाचं विष असतं, ते वाफेबरोबर श्वासात गेलं की घरातली सगळी माणसं हॉस्पिटलमधे पोचू शकतात. हे झोअँथिड कापताना हातमोजे आणि चष्मा घाला.

## ५. सायकल, म्हणजे थांबायचा टप्पा

माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो, एका जातीचे बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्रेट. हे बॅक्टेरिया दगडावर वाढायला वेळ लागतो. तो वेळ माशांना आत सोडून काढायचा नाही, अमोनियाने त्यांचे कल्ले भाजतात, जगले तरी कमजोर राहतात.

करायचं असं: अमोनियम क्लोराइड टाकून अमोनिया २ पीपीएम (दहा लाखात २ भाग) करा, बाटलीतले बॅक्टेरिया टाका, स्किमर आणि यूव्ही दिवा असेल तर ते काही दिवस बंद ठेवा, वेव्हमेकर आणि हीटर चालू, लाइट पूर्ण बंद. लाइटचा इथे काहीच उपयोग नाही, फक्त शेवाळाला आमंत्रण. दोन-तीन दिवसांनी अमोनिया मोजत रहा, शून्याजवळ आला की परत २ करा. एकदम ५ पीपीएमच्या वर नेऊ नका, मग बॅक्टेरियाच अडखळतात.

मधे नायट्राइट खूप चढेल. गोड्या पाण्याच्या सवयीने लोक घाबरतात, पण समुद्राच्या पाण्यातल्या क्लोराइडमुळे नायट्राइट माशांना तितकं बाधत नाही. त्याचा त्रास वेगळाच आहे: नायट्राइट असताना नायट्रेटचं किट फसतं आणि खूप जास्त आकडा दाखवतं, म्हणून नायट्राइट उतरेपर्यंत नायट्रेटच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका आणि घाबरून पाणी बदलू नका.

ड्राय रॉकवर हे सगळं साधारण ३ ते ६ आठवडे चालतं, चांगला लाइव्ह रॉक असेल तर लवकर होतं. "पाणी एकदम स्वच्छ दिसतंय" याला काही अर्थ नाही, अमोनिया डोळ्यांना दिसत नसतो.

तपासा: अमोनिया २ पीपीएम केला आणि २४ तासांनी शून्य आला, नायट्राइटही खाली आला, असं लागोपाठ दोनदा झालं की सायकल झाली. त्यानंतर नायट्रेट बघून पाणी बदला, १० च्या आसपास आणा. शून्य करायची गरज नाही, का ते पुढे येतंय.

## ६. पहिले मासे, आणि त्यांच्याआधी क्वारंटाइन

सायकल चालू असताना हातात रिकामा वेळ असतो, तेव्हाच क्वारंटाइन टँक लावा. ४०-६० लिटर, वाळू नाही दगड नाही, स्पंज फिल्टर, हीटर, लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे, बस. प्रत्येक नवा मासा इथे ४ ते ६ आठवडे. लोकांना हे जास्तीचं काम वाटतं, पण क्रिप्टोकॅरिऑन म्हणजे मरीन इकचा परजीवी, किंवा वेल्वेटचा दुसरा परजीवी एकदा मुख्य टँकमधे शिरला की पर्याय फार वाईट उरतात. तांब्याचं औषध तिथे टाकता येत नाही कारण कोरल आणि कोळंबी मरतात आणि तांबं दगडात मुरून राहतं, "रीफ सेफ" म्हणून विकली जाणारी औषधं या परजीवींवर भरवशाची नाहीत. मग सगळे मासे काढायचे, त्यांना बाहेर औषध द्यायचं आणि मुख्य टँक ७६ दिवस बिनमाशाचा ठेवायचा म्हणजे परजीवी उपाशी मरतात. त्यापेक्षा आधीचे सहा आठवडे परवडले.

मासा आणल्यावर पिशवी १५-२० मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा, तापमान जुळू द्या. लांबून आलेल्या पिशवीबाबत एक गोष्ट लक्षात घ्या. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साचून पीएच खाली गेलेला असतो, त्यामुळे साचलेला अमोनिया कमी विषारी रूपात असतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. अशा माशाला तासभर ड्रिपवर (पिशवीतल्या पाण्यात नवं पाणी थेंबथेंब सोडत) ठेवणं म्हणजे त्याला विषात बसवणं. विक्रेत्याला पाण्याचा खारेपणा आधीच विचारा, क्वारंटाइनचं पाणी तेवढं करून ठेवा आणि पिशवी उघडली की लगेच मासा हलवा, पिशवीतलं पाणी टाकून द्या. कोळंबी आणि गोगलगायींना मात्र हळू ड्रिपच बरं.

कोण आणायचे? ओसेलारिस क्लाउनची जोडी, फायरफिश, रॉयल ग्रामा, टेलस्पॉट ब्लेनी. २०० लिटरला एवढे पाच मासे भरपूर. फायरफिश उडी मारतो, जाळी त्याच्यासाठीच. एका वेळी दोनच सोडा, मधे दोन-तीन आठवडे, शांत आधी आणि भांडखोर शेवटी. डॅमसेल स्वस्त आणि चिवट म्हणून पहिले आणतात, मग ते पुढच्या प्रत्येकाला मारतात. टँग जातीचे मासे या साइजला नकोच. मँडरिन मासा दिसायला कितीही सुंदर असला तरी तो दिवसभर कोपेपॉड टिपत जगतो, नव्या टँकमधे ते नसतात, तो तुमच्या डोळ्यांसमोर महिनाभरात सुकत जातो. कृपा करून आणू नका. ॲनिमोनसुद्धा सहा महिने ते वर्षभर थांबवा, ती जागा सोडून फिरते आणि वेव्हमेकरमधे चिरडते.

## ७. शेवाळाचे महिने

लाइट चालू केला की आधी वाळूवर तपकिरी भुकटी दिसते, ती डायटम, सिलिकेट संपलं की आपोआप जाते. मग केसाळ हिरवं शेवाळ, मग कधी लालसर बुळबुळीत पापुद्रा, तो सायनो. जवळपास प्रत्येक टँक यातून जातो आणि इथेच लोक सगळ्यात जास्त गडबड करतात. एकाच आठवड्यात फॉस्फेट रिमूव्हर, कार्बन डोसिंग (बॅक्टेरिया वाढवायला पाण्यात कार्बन टाकणं), शेवाळाचं औषध, तीन दिवस अंधार, सगळं एकदम. नायट्रेट-फॉस्फेट शून्य होतात आणि रिकाम्या झालेल्या त्या जागेत डायनो शिरतात: तपकिरी, शेंबडासारख्या तारा, त्यात अडकलेले बुडबुडे, रात्री कमी होतात आणि लाइट लागला की दुपारपर्यंत परत येतात. साध्या शेवाळापेक्षा डायनो घालवणं कितीतरी अवघड.

म्हणून नायट्रेट ५ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम राहू द्या. कोरललाही ते लागतातच. हिरवं शेवाळ हाताने उपटा, सायनो पाणी बदलताना नळीने ओढून घ्या आणि तिथला प्रवाह वाढवा. गोगलगायी सुरुवातीला पाच-सहा ट्रोकस आणि तीन-चार नासारियस, एवढंच. पॅकेज म्हणून पन्नास आणल्या तर महिन्याभरात उपाशी मरतात आणि कुजून तेच पाणी बिघडवतात.

## ८. लाइट, प्रवाह आणि पहिले कोरल

अमोनिया-नायट्राइट सतत शून्य, खारेपणा महिनाभर स्थिर आणि शेवाळ उतरणीला लागलं की पहिला कोरल. त्याआधी नाही.

एलईडी ३०-४० टक्क्यांवर सुरू करा, दिवसाला ८-९ तास, आणि तीन-चार आठवड्यांत हळूहळू वाढवा. पीएआर मीटर (कोरलला उपयोगी पडणारा उजेड मोजणारा) कुणाकडून वापरायला मिळाला तर फार चांगलं: सॉफ्ट कोरलला ५० ते १००, एलपीएसला ८० ते १५० पुरतो. कमी उजेडात कोरल हळूहळू लांबट होऊन सांगतो, जास्त उजेडात मात्र थोड्याच दिवसांत पांढरा पडतो, म्हणून चूक करायचीच तर कमीकडे करा. प्रवाह टँकच्या साधारण वीस पट, म्हणजे २०० लिटरला वेव्हमेकर मिळून ताशी ४००० लिटर. पण आकड्यापेक्षा कोरलकडे बघा. पॉलिप इकडेतिकडे डोलले पाहिजेत, एकाच बाजूला चेपलेले असतील किंवा मांस सांगाड्यावर दाबलं जात असेल तर झोत थेट लागतोय.

सुरुवात झोअँथिड, मशरूम, टोडस्टूल लेदर यांच्यापासून. ग्रीन स्टार पॉलिप आणलात तर वेगळ्या सुट्या दगडावर ठेवा नाहीतर तो सगळा टँक व्यापतो. दोन-तीन महिने हे नीट वाढले की डंकन, ब्लास्टो, हॅमर हे एलपीएस. घरात वाढवलेले फ्रॅग, म्हणजे कोरलचे कापलेले तुकडेच घ्या. दगडी कोरल साइट्स या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मधे आहेत आणि बऱ्याच ठिकाणी ते समुद्रातून काढणं किंवा बाळगणं गुन्हा आहे, त्यामुळे आपल्याकडचा कायदा काय म्हणतो ते खरेदीच्या आधी बघा.

प्रत्येक फ्रॅग आधी डिपमधे (कीड सुटावी म्हणून औषधाच्या पाण्यात), पाकिटावर लिहिलंय तेवढाच वेळ, आणि डिप पांढऱ्या भांड्यात करा, म्हणजे तळाशी काय सुटून पडतंय ते दिसेल: चपटे किडे, छोटे खेकडे, कधी न्यूडिब्रँक. अंडी डिपने मरत नाहीत, म्हणून जमेल तिथे फ्रॅगखालचा जुना प्लग काढून टाका आणि नवीन लावा.

आधी खाली ठेवा, वाळूजवळ. दोन कोरलांत १५ सेंटीमीटर अंतर, कारण हॅमरसारखे रात्री लांब डंखाचे हात बाहेर काढतात आणि शेजाऱ्याला भाजतात, लाल टॉर्चने रात्री बघितलंत तर दिसेल. टोडस्टूल कधी आठवडाभर मिटून बसतो, वर मेणचट पापुद्रा येतो, मग तो गळून पडतो आणि आधीपेक्षा जास्त फुलतो, हे नॉर्मल आहे. त्या आठवड्यात त्याला उचलून चार जागा बदलल्या की मग तो खरंच आजारी पडतो. एकदा ठेवलेला कोरल दोन आठवडे हलवू नका.

## ९. अल्क, कॅल्शियम, मॅग्नेशियम

दगडी कोरल सांगाडा बांधायला अल्कलिनिटी आणि कॅल्शियम पाण्यातून घेतात. ठेवायचं काय: अल्क ८ ते ९ डीकेएच (अल्क मोजायचं एकक), कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम, मॅग्नेशियम १२५० ते १४०० पीपीएम. अल्क ७.५ वर स्थिर असलेला टँक हा ८ आणि १० मधे हेलकावणाऱ्या टँकपेक्षा कधीही चांगला.

डोसिंग कधी सुरू करायचं? मोजल्याशिवाय नाही. सोमवारी अल्क ८.६ आली, काही टाकलं नाही, गुरुवारी त्याच वेळेला ८.० आली. तीन दिवसांत ०.६, म्हणजे रोज ०.२. खरं पाणी १८० लिटर धरू. सोडियम बायकार्बोनेटने १०० लिटरला १ डीकेएच वाढवायला सुमारे ३ ग्रॅम लागतात, म्हणजे १८० लिटरला ५.४, आणि रोजच्या ०.२ साठी १.१ ग्रॅमच्या आसपास. आरओडीआय पाण्यात विरघळवून जिथे प्रवाह जोरात आहे तिथे हळू सोडायचं. इतकं कमी लागतं, आणि लोक चमच्याने टाकतात. कॅल्शियम यामानाने फार हळू उतरतं, २.८ डीकेएच अल्क खर्च होते तेव्हा फक्त २० पीपीएम कॅल्शियम जातं, त्यामुळे ते रोज मोजत बसू नका.

अल्क आणि कॅल्शियमचे डोस एकत्र किंवा एकाच जागी ओतले तर पांढरे ढग उठतात, दोन्ही वाया. वेगवेगळ्या वेळी टाका. अल्क आणि कॅल्शियम कितीही टाकलं तरी टिकत नसेल तर मॅग्नेशियम मोजा, ते कमी असलं की बाकीचे दोन निसटत राहतात.

सावध: दिवसात १ डीकेएचच्या वर वाढवायचं नाही, अर्ध्यावर थांबलात तर उत्तम. काही मिठांची अल्क ११ च्या पुढे असते, तुमचा टँक ८ वर असेल तर मोठं पाणी बदलल्यावर झटका बसतो, म्हणून नवीन मीठ आणलं की ड्रमचीही अल्क मोजा. आणि पीएच कमी दिसतो म्हणून पीएच वाढवायची पावडर टाकू नका, तिने अल्कच वर जाते. पीएच बहुतेक वेळा बंद खोलीतल्या कार्बन डायऑक्साइडने पडलेला असतो, खिडकी उघडून बघा. सुरुवातीच्या महिन्यांत सॉफ्ट कोरलना पाणी बदलण्यातूनच सगळं मिळतं, डोसिंग लागतच नाही.

## १०. रोजचं आणि आठवड्याचं काम

रोज: तापमान, खाणं देताना मासे मोजणं, एटीओच्या टाकीत पाणी आहे का. एटीओमधे फक्त गोडं आरओडीआय. पाणी उडतं, मीठ उडत नाही, त्यामुळे कमी झालेलं पाणी खाऱ्याने भरलंत तर खारेपणा दर आठवड्याला चढत जातो. नव्या लोकांची ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे. गोठलेलं खाणं वितळवून, गाळून, गोड्या पाण्यात खंगाळून द्या आणि मासे दोन मिनिटांत संपवतील तेवढंच.

दोन-तीन दिवसांनी फिल्टर फ्लॉस, म्हणजे घाण अडवणारा कापसासारखा थर, बदला, त्यात अडकलेली घाण पाण्यातच असते, नुसती डोळ्याआड.

आठवड्याला अल्क, नायट्रेट, फॉस्फेट, खारेपणा, नेहमी साधारण एकाच वेळेला, आणि आकडे लिहून ठेवा. मग १० टक्के पाणी बदला. आधी हीटर, रिटर्न आणि एटीओ बंद करा. हीटर पाण्याबाहेर चालू राहिला तर काच तडकते, आणि एटीओ चालू राहिला तर पातळी उतरलेली बघून तो भराभर गोडं पाणी ओतत सुटतो. नवीन पाणी त्याच तापमानाचं, त्याच खारेपणाचं. झाल्यावर तिन्ही परत चालू केलेत का हे मोठ्याने म्हणत बघा. स्किमर असेल तर कप आणि त्याची मान पुसा, मानेत चिकट थर साचला की फेस वर चढत नाही.

महिन्याला कॅल्शियम, मॅग्नेशियम, रिफ्रॅक्टोमीटरचं कॅलिब्रेशन, फिल्टरमधला ॲक्टिव्हेटेड कार्बन बदलणं. तीनेक महिन्यांनी पंप सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात भिजवून साफ करा.

हात घालताना साबण, क्रीम, सॅनिटायझर काही लागलेलं नको, त्या खोलीत कीटकनाशक स्प्रे नको. हाताला जखम असेल तर मोजे घाला, मायकोबॅक्टेरियम मॅरिनम नावाचा जंतू जखमेतून शिरतो आणि त्याचं दुखणं महिनोन्महिने रेंगाळतं. डॉक्टरकडे गेलात तर घरी मत्स्यालय आहे हे आवर्जून सांगा.

काही बिघडल्यासारखं वाटलं तर मोजायचा क्रम: तापमान, खारेपणा, अमोनिया, अल्क. मग गेल्या आठवड्यात काय नवीन केलं ते आठवा. बदल करायचा तो एका वेळी एकच, आणि त्यानंतर काही दिवस नुसतं बघायचं.

## ११. वीज गेली तर, आणि बाहेरगावी जाताना

वीज गेली की पहिला धोका तापमानाचा नसतो, ऑक्सिजनचा असतो. बॅटरीवर चालणारा एअर पंप आधीच घेऊन ठेवा आणि महिन्यातून एकदा चालवून बघा. इन्व्हर्टर असेल तर त्यावर एक वेव्हमेकर पाण्याचा पृष्ठभाग हलेल असा लावा, हीटर आणि लाइट त्यावर नकोत. काहीच नसेल तर मगने पाणी वर उचलून परत ओतत रहा. वीज येईपर्यंत खाणं देऊ नका. थंडी असेल तर टँकला ब्लँकेट गुंडाळा. वीज आली की सम्पची पातळी, स्किमरचा कप आणि रिटर्न पंपाने खरंच पाणी ओढलंय का, तिन्ही बघा.

बाहेरगावी जायच्या आधीच्या आठवड्यात नवीन मासा, नवीन कोरल, नवीन उपकरण, नवीन डोस, काहीच नको. एटीओची टाकी काठोकाठ भरा, स्किमरचा कप रिकामा करा. शेजाऱ्यांना खाण्याचा डबा देऊन जाऊ नका, ते प्रेमाने जास्त घालतात. एक दिवसाआड एक अशा पुड्या करून त्यावर वार लिहा, डबा लपवा, आणि मेन स्विच कुठला, सम्पवरची रेघ कुठली आणि पाणी रेघेच्या वर गेलं तर काय बंद करायचं हे त्यांना टँकसमोर उभं करून एकदा करून दाखवा.